मुलें, मुकीं जनावरें आणि चित्रपट

वटार, नाळे, राजोडी, आगाशी या आपल्या भागांतील कोणाही वयोवृद्ध बागाईतदारास सहज विचारून पाहावें, "आजोबा, तुमच्या रहाटाच्या बैलाचें नांव काय होतें?" काल बाजारांतून काय आणलें हें ज्यांस आज आठवत नाहीं, तेही या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देतात. नांव सांगतात, रंग सांगतात, शिंगांची ठेवण सांगतात. त्याला कोणता चारा आवडे आणि तो कोणत्या माणसास जवळ येऊं देत नसे, हेंही सांगतात. पहाटेच्या काळोखांत रहाटाची कुरकुर सुरू झाली, म्हणजे विहिरींतील पाणी माळेच्या मडक्यांतून वर येई, पाटानें केळीच्या आळ्यांपर्यंत आणि पानवेलींच्या मुळांपर्यंत जाई. बैल गोल गोल फिरे, आणि घरांतील एखादें लहान मूल त्याच्या पाठीमागें फिरे, किंवा रहाटाच्या आडव्या दांडीवर बसून अर्धवट झोंपेंत त्याच्याबरोबर प्रदक्षिणा घालीत राही.

याच आजोबांस पुढचा प्रश्न विचारावा, "मग त्या बैलाचें पुढें काय झालें?" येथें मात्र बहुतेक वेळां बोलणें थांबतें. कोणी विषय पालटतात, कोणी "असो" म्हणून उठतात. हें मौन कशाचें आहे, याचा विचार आमच्या मनांत पूर्वीं कधीं विशेषसा आला नव्हता. तो एका चित्रपटानें आणिला. गेल्या वर्षीं आम्ही सातवीच्या मुलांसह ‘टिंग्या’ हा मराठी चित्रपट पाहिला. चित्रपट संपल्यावर वर्गांत जें संभाषण झालें, त्यावरून मुलें आणि जनावरें यांच्यासंबंधींच्या चित्रपटांविषयीं चार शब्द लिहावेत असें वाटलें. अशा कथांची घडण कशी असते, त्या पडद्यावर कशा उतरवितात, आणि त्या पाहून झाल्यावर आपण कोणता विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम घडणीविषयीं. मूल आणि जनावर यांची कथा कोणत्याही देशांतील असो, तिचा सांगाडा बहुधा सारखाच असतो. आरंभीं दोघांचा स्नेह जुळतो. पुढें असें दिसून येतें कीं, त्या जनावराची किंमत मोठ्या माणसांच्या हिशेबांत एक आहे आणि मुलाच्या हिशेबांत दुसरीच आहे. या दोन किंमतींचा मेळ बसत नाहीं, त्यामुळें संकट उभें राहतें. जनावर विकलें जातें, हरवतें, पकडलें जातें किंवा आजारी पडतें. मग मूल एरवीं ज्या उंबरठ्याबाहेर एकटें गेलें नसतें, तो उंबरठा ओलांडतें. रात्र, रान, पाऊस, अनोळखी माणसें या सर्वांस तोंड देतें. यालाच आपण साहस म्हणतों. अखेरीस दोघें घरीं परततात, किंवा त्यांचा वियोग होतो. पण कांहींही झालें तरी मूल पूर्वींचें राहत नाहीं.

या कथा मुलांस इतक्या प्रिय कां होतात? आमच्या मतें त्याचें कारण असें कीं, मूल आणि जनावर या दोघांचेंही घरांत फारसें चालत नाहीं. घर कोठें करावयाचें, पैसा कशावर खर्चावयाचा, कोणास ठेवावयाचें आणि कोणास द्यावयाचें, हें ठरवितांना दोघांसही कोणी विचारीत नाहीं. जनावराला बोलतां येत नाहीं, आणि मूल बोललें तरी "तुला काय कळतें?" असें म्हणून त्यास गप्प बसविण्यांत येतें. म्हणून पडद्यावर जेव्हां एखादें मूल मुक्या जनावराच्या वतीनें उभें राहतें, तेव्हां पाहणाऱ्या मुलास तें आपल्याच वतीनें उभें आहे असें वाटतें.

आपल्या देशांत चित्रपटाच्या जन्मापासूनच मूल आणि प्राणी यांची जोडी पडद्यावर आलेली आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईंत दाखविला गेला. त्यानंतर सहा वर्षांनीं, १९१९ सालीं, त्यांनीं ‘कालियामर्दन’ काढला. त्यांत बाळकृष्णाची भूमिका त्यांचीच लहानगी कन्या मंदाकिनी हिनें केली. यमुनेच्या डोहांतील तो कालिया नाग अर्थात् खरा नव्हता, तो कलावंतांच्या हातांनीं घडविलेला होता. तथापि एका चिमुकल्या मुलीनें त्या महासर्पाशीं पाण्यांत झुंज द्यावी आणि अखेर त्याच्या फणेवर नाचावें, हें दृश्य पाहून त्या काळच्या प्रेक्षकांस केवढें आश्चर्य वाटलें असेल, याची कल्पना करावी. त्यांतील प्राणी मात्र मित्र नव्हता, शत्रु होता.

प्राणी हा मुलाचा सोबती म्हणून जगभर गाजला तो १९३७ सालच्या ‘एलिफंट बॉय’ या इंग्रजी चित्रपटांत. रडयार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’ या १८९४ सालच्या पुस्तकांतील तूमाई नांवाच्या माहुताच्या मुलाची ही गोष्ट. ती चित्रित करण्यासाठीं रॉबर्ट फ्लाहर्टी हे दिग्दर्शक म्हैसूरला आले. तेथें महाराजांच्या हत्तीखान्यांत त्यांस साबू हा माहुताचा मुलगा आढळला. नट होण्याचें शिक्षण त्याला कोणी दिलेलें नव्हतें. पण हत्तीजवळ कसें उभें राहावें, त्याच्या सोंडेवरून पाठीवर कसें चढावें, हें त्याला शिकविण्याची आवश्यकताच नव्हती. चित्रपटाचा कांहीं भाग म्हैसूरच्या रानांत घेतला गेला आणि उरलेला झोल्टन कोर्डा यांनीं लंडनजवळच्या डेनहॅम येथील स्टुडिओंत पुरा केला. साबू पुढें परदेशींच राहिला आणि चित्रपटसृष्टींत प्रसिद्धि पावला. १९६३ सालीं तो अकालीं वारला.

यानंतर १९४३ सालीं अमेरिकेंत ‘लॅसी कम होम’ हा चित्रपट निघाला. गरीब आईबापांस आपल्या मुलाची आवडती कुत्री नाइलाजानें एका श्रीमंत सरदारास विकावी लागते. ती शेंकडो मैलांची वाट पायीं तुडवून मुलाच्या शाळेच्या दारीं परत येते, अशी ही कथा. गंमतीची गोष्ट अशी कीं, लॅसी ही कुत्री असली तरी तिचें काम करणारा ‘पॅल’ हा कुत्रा होता. रड वेदरवॅक्स नांवाच्या शिक्षकानें त्यास तयार केलें होतें. मोटारसायकलीमागें भुंकत धांवण्याची त्याची खोड कांहीं केल्या जाईना, तेव्हां मूळ मालकानें कंटाळून त्याला शिक्षकाकडेच सोडून दिलें होतें. ज्याला घरांतून काढून टाकलें, तोच पुढें निष्ठेचें प्रतीक म्हणून जगभर ओळखला गेला.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे मुलांसाठीं निराळे चित्रपट निघावेत, अशी जाणीव झाली. १९५५ सालीं भारतीय बालचित्र समिति स्थापन झाली आणि पुढच्या वर्षीं केदार शर्मा यांचा ‘जलदीप’ हा तिचा पहिला चित्रपट निघाला. हरवलेल्या कुत्र्याच्या पिलाच्या शोधांत मुंबईभर हिंडणाऱ्या लहान मुलीची कथा सांगणारा संतोष शिवन यांचा १९९६ सालचा ‘हॅलो’ हा याच समितीचा. ही समिति २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास निगमांत विलीन करण्यांत आली.

आतां ‘टिंग्या’कडे वळूं. हा चित्रपट २००८ सालीं प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मंगेश हाडवळे हे पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांतील, आणि चित्रपटांतील डोंगर, वाटा, घरें व बोली हीं त्याच मुलुखांतील. टिंग्या हा शेतकऱ्याचा लहान मुलगा. चितंग्या नांवाच्या बैलाशीं त्याचें सख्ख्या भावाप्रमाणें मेतकूट आहे. त्या डोंगराळ भागांत बिबट्याचा वावर असतो. बिबट्यासाठीं केलेल्या खड्ड्यांत एके दिवशीं चितंग्या पडतो आणि जबर जखमी होतो. टिंग्याचे वडील कारभारी आपल्या ऐपतीप्रमाणें उपचार करून पाहतात, पण बैल पुन्हा औताला उभा राहण्याचीं चिन्हें दिसत नाहींत. बटाट्याच्या लागवडीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, डोक्यावर कर्ज असतें. तेव्हां चितंग्याला विकून त्या पैशांत भर घालावी आणि दुसरा बैल आणावा, असें वडील ठरवितात. जखमी बैल कोण विकत घेणार आणि कशासाठीं, हें सांगण्याची गरज नाहीं.

त्याच वेळीं शेजारच्या घरांत टिंग्याची मैत्रीण रशिदा हिची आजी अंथरुणास खिळलेली असते. तिच्यासाठीं औषधपाणी चाललेलें असतें, सारीं माणसें तिच्या उशाशीं बसलेलीं असतात. हें पाहून टिंग्याच्या मनांत एक सरळ प्रश्न उभा राहतो. आजीही म्हातारी झाली, तिच्या हातून काम होत नाहीं, पण तिला कोणी विकावयास काढीत नाहीं. मग चितंग्यालाच कां? आमच्या समजुतीप्रमाणें साऱ्या चित्रपटाचें मर्म या एका प्रश्नांत आहे. शेवट काय होतो तें आम्ही येथें सांगत नाहीं. ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं त्यांचा रस आम्हांस घालवावयाचा नाहीं. टिंग्याचें काम करणारा शरद गोयेकर हा ग्रामीण मुलगा या भूमिकेमुळें राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी झाला, एवढेंच नमूद करतों.

चित्रपट संपल्यावर वर्गांत प्रथम कोणी बोलेना. कांहीं मुलींचे डोळे भरून आले होते. मग मागच्या बांकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, टिंग्याचे वडील वाईट आहेत का?" आम्हीं उत्तर न देतां खडू घेतला आणि फळ्यावर कारभारीचा हिशेब मांडण्यास सुरुवात केली. वाचकांनींही तो पाहावा.

बैल हें यंत्र नव्हे, कीं एक बिघडलें तर दुसऱ्या दिवशीं दुकानांतून नवें आणावें. खोंड साधारण तीन वर्षांचा झाला म्हणजे त्याला औताची संवय लावितात. पुढें आठ-दहा वर्षें तो नीट काम देतो. शिवाय नांगराला एक बैल चालत नाहीं, जोडी लागते. दोघांची उंची, दोघांची चाल आणि दोघांचा स्वभाव जुळावा लागतो. एक उंच आणि एक ठेंगणा असला तर जूं तिरपें होतें आणि एकाच्याच मानेवर भार पडून ती सोलवटते. म्हणून जोडींतील एक बैल गेला म्हणजे अर्धी शक्ति गेली असें होत नाहीं. सबंध औतच थांबतें. इकडे पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. वाफसा आहे तोंवर बेणें जमिनींत गेलें नाहीं, तर सबंध वर्ष गेलें. बेणें आणि खत उधारीनें आणलेलें असतें. म्हणजे बैल बसला, शेत पडलें, कर्ज मात्र उभें राहिलें.

"पण सर, त्याचा पाय बरा नसता का झाला?" असें एका मुलीनें विचारलें. याचें उत्तर जनावराच्या शरीररचनेंत आहे. माणसाचा पाय मोडला तर तो महिना दीड महिना खाटेवर पडून राहूं शकतो. मोठ्या बैलाचें वजन चारशें किलोंच्या घरांत असतें. तें चार पायांवर वांटलेलें असतें. एक पाय निकामी झाला कीं उरलेल्या तिन्हींवर अधिक भार पडतो. बरें, त्याला निजवून ठेवावें म्हटलें तर तेंही कठीण. गाईबैल रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यांत चारा आंबतो आणि सतत वायु तयार होतो, तो ढेकरांवाटें बाहेर पडावा लागतो. जनावर एका कुशीवर फार वेळ पडून राहिलें तर वायु कोंडतो, पोट फुगतें आणि जीव धोक्यांत येतो. एकाच अंगावरील दाबानें स्नायूही निकामी होतात. म्हणून बसलेलें जनावर उठविण्यासाठीं शेतकरी जिवाचा आटापिटा करतो. "बैल बसला" या दोन शब्दांनीं शेतकऱ्याच्या घरांत जी कळा पसरते, तिचें हें कारण.

हिशेब पुरा झाल्यावर तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, टिंग्याचेंही खरें आणि बाबांचेंही खरें." आम्हांस याहून चांगलें उत्तर सुचलें नसतें. कित्येक चित्रपटांत एक दुष्ट मनुष्य उभा करितात, त्याला शेवटीं शिक्षा होते आणि प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. येथें दुष्ट मनुष्यच नाहीं. बापाला बैलाविषयीं माया नाहीं असें नव्हे. ज्याला ती नाहीं तो इतका खचत नाहीं. मायेला लागणारा पैसा त्याच्यापाशीं नाहीं, एवढेंच.

येथें कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रांत गाईच्या हत्येस १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. २०१५ सालीं अंमलांत आलेल्या दुरुस्तीनें ती बैल आणि वळू यांसही लागू झाली. चित्रपट निघाला तेव्हां ही दुरुस्ती नव्हती. आज तीच कथा लिहावयाची झाली तर तिचा कांहीं भाग निराळा लिहावा लागेल. पण टिंग्याचा प्रश्न मिटला असें म्हणतां येणार नाहीं. काम न करणाऱ्या जनावराचा चारा कोणी पुरवावयाचा, त्याचें औषध कोणी करावयाचें आणि गरीब शेतकऱ्यानें दुसरा बैल कशाच्या बळावर आणावयाचा, हे प्रश्न कायद्यानंतरही शिल्लक राहतातच. जनावराला मारूं नये असें म्हणणें ही दयेची पहिली पायरी. त्याला जगविण्याचा भार वांटून घेणें ही दुसरी, आणि ती अधिक अवघड आहे.

आतां हे प्रसंग पडद्यावर कसे उतरवितात, तें थोडक्यांत सांगतों, कारण पुष्कळ मुलांनीं विचारलें, "बैलाला खरोखर लागलें होतें का?" चित्रपटांतील प्राणी बहुतेक वेळां आपल्या नेहमींच्याच गोष्टी करीत असतो. त्याचा शिक्षक किंवा मालक चित्रयंत्राच्या बाजूला उभा राहून हातानें खूण करतो, आवाज देतो, खाऊ दाखवितो. प्राणी तिकडे पाहतो, त्याचें चित्र घेतलें जातें. नंतर मुलाचा रडवेला चेहरा निराळा चित्रित करितात. हीं दोन चित्रें एकापुढें एक जोडलीं, म्हणजे बैल मुलाकडे करुणेनें पाहत आहे असें आपणांस वाटतें. ती करुणा प्रत्यक्षांत बैलाच्या डोळ्यांत असेल किंवा नसेलही. तिचा बराच भाग आपल्या मनांतून तेथें जातो. चित्रें जोडण्याच्या या कलेला संकलन म्हणतात. मुलानें मात्र प्राण्याशीं खरा परिचय करून घ्यावा लागतो. ज्याला जनावराची भीति वाटते, त्याच्या खांद्याकडे पाहूनच ती कळते, ती कोणत्याही संकलनानें लपत नाहीं. म्हणूनच म्हैसूरला माहुताचा मुलगा हवा होता आणि जुन्नरला खेड्यांतील मुलगा.

पूर्वीं मात्र सर्वत्र इतकी काळजी घेत नसत. १९३९ सालीं ‘जेसी जेम्स’ या अमेरिकन चित्रपटासाठीं एका घोड्यास उंच कड्यावरून पाण्यांत पाडण्यांत आलें आणि तो मेला. लोकांनीं याविरुद्ध मोठा ओरडा केला. त्यानंतर १९४० पासून तेथील प्राणिदयेच्या संस्थेचीं माणसें चित्रणाच्या जागीं देखरेखीस राहूं लागलीं. आपल्या देशांत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत हा विषय धसास लाविला. १९६० सालीं प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९९८ च्या अधिसूचनेनें अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांस खेळासाठीं शिकविण्यास व दाखविण्यास मनाई करण्यांत आली. २००१ च्या नियमांप्रमाणें चित्रपटांत काम करणाऱ्या प्राण्याची नोंदणी करावी लागते. चित्रपटाच्या आरंभीं प्राण्यास इजा झाली नाहीं अशी जी ओळ दिसते, ती या साऱ्या खटपटीचें फळ आहे. पुढच्या वेळीं ती ओळ न वाचतां सोडूं नये, असें आमचें मुलांस सांगणें आहे.

खेड्याची कथा पाहिली, तशी शहराचीही पाहावी. २०११ सालच्या ‘चिल्लर पार्टी’ या हिंदी चित्रपटांत मुंबईंतील एका वसाहतींतील मुलांची गोष्ट आहे. मोटारी धुण्याच्या कामासाठीं फटका नांवाचा गरीब मुलगा तेथें येतो, त्याच्याबरोबर भिडू नांवाचा कुत्रा असतो. वसाहतींतील मुलें प्रथम दोघांसही घालवूं पाहतात, पण लवकरच त्यांची गट्टी जमते. पुढें एका मंत्र्याच्या हट्टामुळें भिडूवर गंडांतर येतें. त्याला ठेवावयाचें तर वसाहतींतील बहुसंख्य रहिवाशांची लेखी संमति मिळविली पाहिजे, असें ठरतें. मग हीं मुलें दारोदार हिंडून सह्या गोळा करितात. येथें रान नाहीं, कडे नाहींत. तरी हें साहसच आहे. ज्यांनीं कधीं मोठ्यांसमोर तोंड उघडलें नाहीं, त्यांनीं दार ठोठावून आपलें म्हणणें नीट शब्दांत मांडावयाचें, नकार ऐकावयाचा आणि पुन्हा दुसऱ्या दारीं जावयाचें, याला रात्रीच्या रानांत जाण्याइतकेंच धैर्य लागतें. दोष न देतां, दगड न मारतां, कायद्याच्या चौकटींत राहून दुबळ्याची बाजू कशी घ्यावी, याचा हा पाठच आहे.

आमच्या गांवास हे दोन्ही चित्रपट लागू पडतात, कारण आमचा गांव आज खेडें आणि शहर यांच्या मध्यें उभा आहे. वाड्यांमधून रहाट गेले, पंप आले. बैलाचे कष्ट वांचले ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु बैल एका दिवसांत ठराविक फेरेच घालूं शके, आणि विहिरींतून तेवढेंच पाणी निघे. पंपाला थकवा माहीत नाहीं. पाण्याचा उपसा वाढला आणि समुद्रकांठच्या या पट्टींत कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें. बैलाच्या थकण्यानें आपली विहीर राखली जात होती, हें तो गेल्यावर आपल्या ध्यानांत आलें. दुसरीकडे नव्या इमारतींच्या आवारांत कुत्रीं, मांजरें यांच्यावरून रोज तंटे होतात. हौसेनें आणलेलें पिलूं मोठें झालें कीं रस्त्यावर सोडून देणारीही माणसें आहेत.

पालकांस आमची एक विनंती आहे. असे चित्रपट मुलांस एकटें बसवून दाखवूं नयेत, स्वतः शेजारीं बसावें. मूल रडलें तर "अरे, हा तर नुसता सिनेमा" असें म्हणून त्याला उडवूं नये. तें अश्रु खोट्या चित्रासाठीं असले तरी खऱ्या भावनेचे असतात. आणि चित्रपट संपल्यावर मूल जो प्रश्न विचारील, त्याचें उत्तर येत नसेल तर "मलाही ठाऊक नाहीं" असें प्रांजळपणें सांगावें. टिंग्याचा प्रश्न वस्तुतः बैलापुरताच नाहीं. जो काम करूं शकत नाहीं त्याचें आपल्या घरांत स्थान काय, असा तो प्रश्न आहे; आणि त्याचें उत्तर मूल आपण घरांतील म्हाताऱ्या माणसांशीं कसें वागतों यावरून शिकत असतें.

त्या दिवशीं आम्हीं मुलांस गृहपाठ म्हणून एकच काम दिलें. घरच्या आजीआजोबांस त्यांच्या बैलाची, म्हशीची किंवा कुत्र्याची हकीकत विचारावी, आणि तिचें पुढें काय झालें तेंही विचारावें. दुसऱ्या दिवशीं एका मुलानें सांगितलें, "आमचा बैल आमच्याकडेच म्हातारा झाला. शेवटचीं दोन वर्षें नुसता बसून होता. आजी त्याला रोज पेज पाजीत असे." एका मुलीनें सांगितलें, "आजोबांनीं पहिल्यांदा कांहींच सांगितलें नाहीं. मग रात्रीं जेवणानंतर मला हांक मारली आणि म्हणाले, विकला ग आम्हीं त्याला. तुझ्या आत्याच्या आजारपणांत विकला. घेणाऱ्याच्या मागें तो जाईना, म्हणून मी स्वतः त्याला वेशीपर्यंत नेऊन सोडला."

वर्गांत कोणी हंसलें नाहीं, कोणी दोषही दिला नाहीं. ती मुलगी क्षणभर थांबली आणि पुढें म्हणाली, "सर, त्याचें नांव हिरा होतें. आजोबांनीं हें इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलें नव्हतें." आम्हीं तें नांव फळ्यावर लिहिलें, आणि त्या दिवशीं तास संपल्यावर फळा पुसला नाहीं.